जेआरएफ लागली, आता लॅब कुठली? घाईत जॉइन व्हायच्या आधी एवढं वाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडकडची मुलगी, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून लाईफ सायन्सेसची जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप लागलीये. ओळखीचे एक सर म्हणतायत लगेच माझ्याकडे जॉइन हो, पीएचडी रजिस्ट्रेशनचं मी बघतो. घरच्यांना वाटतं जवळच राहावं, तिला पुण्यामुंबईकडच्या इन्स्टिट्यूटमध्ये यायचंय, मैत्रीण म्हणते परदेशातच जा. आणि पैसे नक्की किती, कधी, कोणाकडून मिळतात हे तिला कोणीच धड सांगत नाहीये. मी पुण्यात लॅब चालवते, पीएचडीचे विद्यार्थी घेते, बऱ्याच सिलेक्शन कमिट्यांवर बसते, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी अभिनंदन, मनापासून. लाईफ सायन्सेसचा पेपर किती अवघड असतो ते मला माहितीये, पार्ट सी मध्ये ७५ प्रश्नांतून २५ निवडून सोडवायचे, प्रत्येकी ४ मार्क, वर निगेटिव्ह मार्किंग, आणि तू हे नोकरी सांभाळून केलंस म्हणतेस.

आता मुद्द्याचं. ही फेलोशिप तुझी आहे. ती सरांची नाही, कॉलेजची नाही, युनिव्हर्सिटीची नाही. तू जिथे जाशील तिथे ती तुझ्याबरोबर येते, म्हणजे गाईडला तुझ्या स्टायपेंडसाठी स्वतःच्या ग्रँटमधून एक रुपया काढावा लागत नाही, आणि म्हणूनच जेआरएफवाला विद्यार्थी सगळ्यांना हवा असतो. यात काही वाईट नाही, मलाही हवा असतो. पण याचा अर्थ असा की निवड करायची ताकद या घडीला तुझ्या हातात आहे, आणि पीएचडीच्या पाच-सहा वर्षांत ती एवढी परत कधीच नसते. लगेच जॉइन हो म्हणणारे सर चांगलेही असतील, मी त्यांना ओळखत नाही, पण "लगेच" हे काही कारण होत नाही. अवॉर्ड लेटरवर मुदत छापलेली असते, ती वाच, त्या मुदतीत तुला पीएचडीच्या जागेवर पोहोचायचंय, उद्या सकाळी नाही.

बऱ्याच जणांचा इथे घोळ होतो म्हणून सांगते, फेलोशिप, पीएचडी ॲडमिशन आणि गाईड या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नेटने तुला पहिली दिली. दुसरीसाठी प्रत्येक संस्थेचा अर्ज, इंटरव्ह्यू वेगळा. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, जेआरएफ, मग असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, आणि तिसरा फक्त पीएचडी प्रवेश. तिसऱ्या गटातल्या मुलांना घरी वाटतं फेलोशिप लागली, तसं नसतं, त्यांना फक्त प्रवेशासाठी स्कोअर मिळालेला असतो आणि पैशांची सोय वेगळी बघायला लागते. तुझा पहिला गट आहे, तुला तो प्रश्न नाही.

आणि अजून एक, "जेआरएफ" हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक तुझी, स्वतःच्या नावावरची. दुसरी प्रोजेक्ट जेआरएफ, म्हणजे एखाद्या सायंटिस्टला डीबीटी (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग) किंवा आयसीएमआरचा (वैद्यकीय संशोधन परिषद) प्रोजेक्ट मिळालाय आणि त्यात एक जेआरएफची पोस्ट आहे. ती पोस्ट प्रोजेक्ट संपला की संपते आणि तिच्यावर पीएचडी रजिस्ट्रेशन होईलच असं नाही. डीबीटीच्या बेट परीक्षेत तर हे सरळ लिहिलेलंच असतं, कॅटेगरी एकला देशात कुठेही चालणारी फेलोशिप, कॅटेगरी दोनला फक्त डीबीटीच्या प्रोजेक्टवर काम करायची मुभा. प्रोजेक्टवर एखादं वर्ष काम करणं कमीपणाचं अजिबात नाही, उलट हात बसतो, पण तिथं जाताना रजिस्ट्रेशनबद्दल लेखी विचारून घ्यायचं. तुझ्याकडे स्वतःची असताना कोणी प्रोजेक्ट पोस्टवर ये म्हणत असेल तर आधी विचार, का?

पैशाचं सांगते. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी कमिटीने काम बघून एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) केली की ४२,०००. हॉस्टेल मिळालं नाही तर शहराप्रमाणे घरभाडं वरून. जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षं. त्याआधी ३१,००० होते, २०१४ ला २५,०००, आणि हे आकडे आपोआप वाढलेले नाहीत, २०१८-१९ मध्ये देशभरातले रिसर्च स्कॉलर रस्त्यावर उतरले होते तेव्हा ते ३१,००० झाले. हे तुला माहीत असावं, कारण पुढे कोणी "आमच्या वेळी तर एवढंही नव्हतं" म्हणून तुला गप्प करायला लागलं तर गप्प बसायची गरज नाही. हा तुझ्या पूर्णवेळ कामाचा मोबदला आहे.

पण ३७,००० दर महिन्याच्या एक तारखेला येतात असं समजू नकोस. जॉइनिंग रिपोर्ट जाणार, तो तपासला जाणार, मग पहिले पैसे, आणि यात काही महिने सहज जातात. नेट एकच असली तरी काहींना पैसे सीएसआयआरकडून येतात, काहींना यूजीसीकडून, तुझं कोणतं ते लेटरवर बघ. यूजीसीचं असेल तर दर महिन्याला युनिव्हर्सिटीतून पोर्टलवर कन्फर्मेशन जायला लागतं, एक जण भरतो, दुसरा मान्य करतो, आणि दोघांतला एक जरी रजेवर असला की त्या महिन्याचे पैसे अडकतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे, युनिव्हर्सिटीचं नाव घेत नाही, एवढ्या कारणाने कितीतरी महिने अडकले आणि तो मित्रांकडून उसने घेऊन मेसचं बिल भरत होता. मला याचा खूप राग येतो, कारण अशा वेळी घरून पैसे मागवू शकणारी मुलं टिकतात आणि ज्यांच्या घरी उलट पैसे पाठवायचे असतात ती सोडून जातात. म्हणून जॉइन व्हायच्या आधी तिथल्या सीनियर्सना हे एकदा विचारच, की तुमची फेलोशिप वेळेवर येते का, ऑफिसमध्ये हे काम कोण बघतं. आणि जॉइन होताना जमलं तर तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेव, आधार बँक खात्याला जोडलेलं असू दे, जातीचा किंवा नॉन-क्रिमीलेयरचा दाखला लागत असेल तर केंद्राच्या फॉरमॅटमधला काढ, राज्याचा चालत नाही म्हणून ऐनवेळी धावपळ होते.

दुसरी गोष्ट, फेलोशिपने तुझं पोट भरतं, तुझे प्रयोग नाही. सीएसआयआर कंटिन्जन्सी, म्हणजे कामाच्या किरकोळ खर्चासाठी म्हणून वर्षाला २०,००० देते आणि बाहेरून मागवलेली एक चांगली अँटीबॉडीची बाटली त्याहून महाग पडते. म्हणजे काम होणार ते गाईडच्या ग्रँटवर. एम.एस्सी.च्या मुलांना कोणी हे सांगत नाही. गाईड माणूस म्हणून सोन्यासारखा असला आणि लॅबमध्ये चालू ग्रँट नसली, तर पहिलं वर्ष कोर्सवर्कमध्ये जातं, दुसरं वाट बघण्यात, आणि मग तिसऱ्या वर्षी असा विषय काढला जातो जो असलेल्या सामानात भागेल. मुलगी हुशार असते, कष्टाळू असते, पण थिसिस बघितला की कळतं काय झालं असेल. म्हणून विचारायचं: तुमच्याकडे सध्या कोणते प्रोजेक्ट चालू आहेत, ते कधी संपतात, माझं काम त्यातल्या कशाशी जोडलेलं असेल. चांगला गाईड या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर तेही कळलंच की.

तुझ्या सरांकडे जायचं का यावर मी हो-नाही सांगणार नाही, पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतल्या दोन-तीन गोष्टी तपास. प्रोफेसरला एका वेळी जास्तीत जास्त ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ विद्यार्थी घेता येतात, म्हणजे त्यांच्याकडे खरंच जागा आहे का. रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. "रजिस्ट्रेशनचं मी बघतो" असं म्हणतायत, तर युनिव्हर्सिटीची प्रक्रिया सध्या चालू आहे का, जाहिरात निघालीये का, हे वेबसाईटवर स्वतः बघ. आणि त्यांच्याकडून पीएचडी झालेली दोन-तीन मुलं आता कुठे आहेत, किती वर्षं लागली, त्यांच्या पेपरांत पहिलं नाव कोणाचं आहे. हे सगळं चांगलं निघालं तर जवळच्या युनिव्हर्सिटीतली लॅब मोठ्या नावाच्या इन्स्टिट्यूटमधल्या वाईट लॅबपेक्षा केव्हाही बरी, हे मी मनापासून सांगते. मोठ्या इमारतीत, भारी मायक्रोस्कोपशेजारी बसून एकट्या पडलेल्या मुली मी बघितल्यात.

तरीपण अर्ज मात्र बाहेर भर. मायक्रोबायोलॉजीवाल्याला पुण्यात एनआयव्ही आहे व्हायरससाठी, पेशीविज्ञानाचं एनसीसीएस आहे, तिथे तर सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहच आहे, आघारकर आहे, आयसर, सीएसआयआरची प्रयोगशाळा एनसीएल, भोसरीला एचआयव्हीवर काम करणारी आयसीएमआरची संस्था जिला आपण सगळे नारी म्हणून ओळखतो. मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची आयसीएमआर संस्था, टीआयएफआर, खारघरला कॅन्सरवर काम करणारं ॲक्ट्रेक. समुद्रातल्या बॅक्टेरियांत रस असेल तर गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञानाची संस्था एनआयओ. आणि एक गोष्ट नांदेडच्या मुलांच्या लक्षात येत नाही, तुम्हाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, तिथं पेशी आणि रेणूंवर काम करणारी सीसीएमबी आहे, डीएनएवर काम करणारी सीडीएफडी आहे, हैदराबाद युनिव्हर्सिटी आहे. घरच्यांना "जवळ" हवंय ना, मग नकाशा उघडून दाखव. डिग्री कोण देणार ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, एनसीएलला एसीएसआयआर (सीएसआयआरची स्वतःची अकादमी), ॲक्ट्रेकला होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, आयसर स्वतःची देतं, त्यात फार अडकू नकोस. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा डिसेंबरात असते, बाकी बऱ्याच ठिकाणी जेआरएफ असली की थेट इंटरव्ह्यूला बोलावतात.

इंटरव्ह्यूबद्दल जरा जास्त लिहिते कारण आपल्याकडची मुलं नेमकी इथे हरतात, आणि ज्ञान कमी म्हणून नाही. नेटचा अभ्यास करताना पर्याय समोर असतात, इंटरव्ह्यूत फळा समोर असतो. पॅनेल बहुतेक वेळा सुरुवात तुझ्या एम.एस्सी.च्या डेझर्टेशनपासून करतं आणि तिथेच खोदत राहतं. समज तू एखाद्या पाण्याच्या नमुन्यातून अँटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया वेगळे केलेस. मी विचारणार, प्लेटवर वाढले म्हणजे ते रेझिस्टंट आहेत हे तू कशावरून ठरवलंस, अँटिबायोटिक जुनं होऊन निकामी झालेलं नव्हतं हे कसं कळलं, सेन्सिटिव्ह असलेला माहितीतला स्ट्रेन शेजारी लावला होतास का. पीसीआर केलास तर निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आला असता तर काय केलं असतंस. यातलं काहीच पुस्तकात पाठ करायला मिळत नाही पण ज्याने प्रयोग स्वतः केलाय आणि त्यावर विचार केलाय त्याला येतंच. ज्यांचं डेझर्टेशन पैसे भरून एखाद्या प्रायव्हेट लॅबमध्ये "करून घेतलेलं" असतं ते तिसऱ्या प्रश्नाला थांबतात. तुझं तसं असेल तर लपवू नकोस, त्यातला एक प्रयोग घे, मुळापासून समजून घे आणि तो एकच नीट सांग.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, पण मला वाटतं असं असावं, कारण..." हे म्हणायला शिक. "कारण" च्या पुढे तू काय बोलतेस ते आम्ही ऐकत असतो. इंग्लिश अडखळलं तर अडखळू दे. खूप मुलींना मी बघते, उत्तर येत असतं, डोळ्यांत दिसत असतं, आणि वाक्य जुळत नाही म्हणून गप्प बसतात. फळ्याकडे जा, आकृती काढ, बाण काढ, तुटक बोल. चांगल्या पॅनेलला व्याकरण नको असतं, आणि "मराठीत सांगू का" म्हणून विचारलंस तर महाराष्ट्रातल्या पॅनेलवर समजणारं एकतरी माणूस बहुतेक वेळा असतं. आणि हो, अर्ज करताना त्या संस्थेतल्या निदान दोन-तीन लॅबचं काम वाचून जा, त्यांचा एकेक अलीकडचा पेपर, पूर्ण नाही समजला तरी चालेल, पण त्यातली एक आकृती तरी समजलेली हवी.

ॲडमिशन झाल्यावर लॅब निवडायची वेळ येते, तेव्हा गाईडला भेटायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट, तेही लॅबमध्ये नाही, कँटीनमध्ये, गाईड आसपास नसताना. विचार की शेवटची सुट्टी कधी घेतली होती, प्रयोग फसला की सर किंवा मॅडम काय करतात, पाचवं वर्ष संपल्यावर फेलोशिप थांबली त्यांचं काय झालं. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण लाईफ सायन्सेसची पीएचडी पाच वर्षांत संपतेच असं नाही, सहाही लागतात, आणि जे गाईड त्या शेवटच्या वर्षासाठी प्रोजेक्टमधून किंवा संस्थेतून काहीतरी सोय करतात ते तुझा विचार करणारे गाईड. लोक उत्तरं देताना जिथे थांबतात, एकमेकांकडे बघतात, तिथे लक्ष दे. माणसांचे नमुने किंवा उंदरांवरचं काम असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधीच घेतलेली आहे का तेही विचार, नाहीतर त्यात महिने जातात आणि ते तुझ्या पाच वर्षांतून वजा होतात.

परदेशाचं. तुझी जेआरएफ परदेशात नेता येत नाही, तिकडचं सगळं वेगळं मिळवायला लागतं. पण मिळतं. जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक वेळा नोकरीच्या करारावर असतो, लाईफ सायन्सेसमध्ये सहसा पूर्ण पगाराच्या ६५ टक्के, आणि मॅक्स प्लांकच्या आयएमपीआरएस प्रोग्रॅमना वर्षातून ठराविक वेळी अर्ज निघतात. युरोपच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये अट अशी की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आपल्याला ती आपोआप बसते. ब्रिटनमध्ये स्टुडंटशिप म्हणतात, स्टायपेंड आणि फी दोन्ही त्यात असतं, पण बऱ्याच ठिकाणी फी तिथल्या मुलांच्या दराने भरली जाते आणि वरचा फरक कोण देणार हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं, शिवाय यूकेआरआयच्या (तिथली सरकारी संशोधन निधी संस्था) पैशांवर एका बॅचमध्ये बाहेरच्या देशांचे विद्यार्थी ३० टक्क्यांपर्यंतच घेता येतात. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात पण आधी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन करून मग गाईड ठरतो, ही पद्धत मला फार आवडते. एक गोष्ट नक्की धर, आपल्या क्षेत्रात पीएचडीसाठी घरचे पैसे किंवा कर्ज घालून जायचं नाही, चांगली जागा असेल तर तेच पैसे देतात. अनुसूचित जातीतल्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, त्या जरूर बघायच्या. तुझ्यासाठी मी म्हणेन यावर्षी दोन्हीकडे अर्ज कर, इथली जागा मिळाली तर सोडून बसू नकोस, पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, जग पडलंय.

तुझ्या जेआरएफ न लागलेल्या मैत्रिणीसाठी: फक्त पीएचडी रजिस्ट्रेशन झालेलं असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या समाजगटांसाठी आहेत. इथं क्रम उलटा, आधी रजिस्ट्रेशन मग फेलोशिप, आणि रजिस्ट्रेशनची तारीख जाहिरातीत बसते का हे बघायचं. आयसीएमआरच्या जेआरएफची जाहिरात निघते का, तेही बघायला सांग. आणि तुझा भाऊ एमबीबीएसला आहे असं लिहिलंयस, त्याला सांग की आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे, दोन महिने आपल्याच कॉलेजच्या प्राध्यापकाबरोबर छोटा प्रोजेक्ट, स्टायपेंडसह. एमबीबीएसवाल्यालाही लाईफ सायन्सेसची नेट देता येते हे निम्म्या डॉक्टरांना माहीत नसतं. पुढे एमडी होऊन रिसर्चकडे वळायचं असेल तर डीबीटी आणि वेलकम ट्रस्टने २००८ मध्ये सुरू केलेल्या इंडिया अलायन्सच्या डॉक्टरांसाठीच्या फेलोशिप आहेत. आपल्याकडे पेशंट बघणारे आणि प्रयोग करणारे यांच्यात फार अंतर पडलंय, असा एखादा मुलगा आला तर मला फार आनंद होतो.

घरच्यांशी काय बोलायचं हेही तू विचारलंस. त्यांना "अजून सहा वर्षं शिकणार" असं सांगू नकोस, ते घाबरतात. सांग की पगारासारखे पैसे मिळणारं काम आहे, हॉस्टेल मिळतं, आणि यूजीसीच्या नियमात मुलींना पीएचडी पूर्ण करायला दोन वर्षं जादा आहेत आणि २४० दिवसांची मॅटर्निटी रजाही आहे, म्हणजे लग्न झालं म्हणून पीएचडी सोडावी लागत नाही. वडिलांना वाटलं तर इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन ये, कॅम्पस बघू देत, हॉस्टेलच्या वॉर्डनशी बोलू देत. बरेच वडील आले की निम्मी काळजी तिथेच संपते असा माझा अनुभव आहे.

या महिन्यात एवढं कर: अवॉर्ड लेटरची मुदत बघ, पाच-सहा संस्थांच्या प्रवेशाच्या तारखा वहीत लिही, आणि तीन गाईडना मेल कर. मेल छोटा, "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी पॅशनेट" वगैरे नको, मी काय केलंय, तुमच्या कोणत्या पेपरमधली कोणती गोष्ट मला आवडली आणि त्यावर माझा काय प्रश्न आहे, जेआरएफ आहे, यंदा विद्यार्थी घेताय का, बस. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, उत्तर न येणं म्हणजे नकार नसतो, मेल खाली गेलेला असतो. पहिला मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव, मी बघून देते.